हीटिंग सुरू होताच आरसीडी पडणे आणि स्विच बंद करूनही बॉयलरच्या तारेत वीज राहणे

ब्रिटनमधल्या घरांत नवा बॉयलर बसवल्यानंतर दोन तक्रारी वारंवार ऐकू येतात, आणि त्या सहसा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून येतात. घरातले लोक सांगतात, की हीटिंगची किंवा गरम पाण्याची वेळ सुरू झाली की कन्झ्युमर युनिटमधली (म्हणजे घराच्या मुख्य बोर्डातली) आरसीडी, म्हणजे वीज कुठेतरी गळते असे दिसताच पुरवठा तोडणारा स्विच, पडते आणि अर्ध्या घराची वीज जाते. बॉयलरच्या वार्षिक सर्व्हिसला आलेला माणूस सांगतो, की बॉयलरशेजारचा स्विच बंद केला होता, तरी आतल्या एका टर्मिनलवर वीज होती. पहिल्या तक्रारीचा रोजचा त्रास असतो, म्हणून तिच्यामागे सगळे लागतात. दुसरी एकदा बोलली जाते आणि विसरली जाते. मी गेली अनेक वर्षे इंग्लंडात घरगुती वायरिंगचे काम करतो. माझा अनुभव असा, की या दोन्ही तक्रारी एकाच घरातल्या असतील तर त्यांचे मूळही बहुधा एकच असते: हीटिंगच्या एकाच यंत्रणेला दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज दिलेली असते. हे मूळ कसे ओळखावे, घरच्या माणसाने काहीही न उघडता किती तपासावे आणि वायरमनकडून नेमके काय करून घ्यावे, ते सविस्तर लिहितो.

पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या मंडळींसाठी आधी यंत्रणेची ओळख करून देतो. आपल्याकडच्या गीझरमध्ये पाणी विजेनेच तापते, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट असतो आणि तो स्विच बंद केला की विषय संपतो. इथल्या गॅस बॉयलरमध्ये उष्णता गॅसची असते. वीज लागते ती पंखा, ठिणगी, नियंत्रणाचा सर्किट बोर्ड आणि पाणी फिरवणारा पंप यांच्यासाठी, आणि ती इतकी थोडी असते, की सगळी यंत्रणा ३ अँपिअरच्या एका फ्यूजवर आरामात चालते. हा फ्यूज भिंतीवरच्या ज्या स्विचमध्ये असतो त्याला इथे फ्युज्ड स्पर म्हणतात. ज्या घरांत गरम पाण्याचा सिलिंडर असतो तिथे बॉयलर बहुतेक खाली स्वयंपाकघरात असतो. सिलिंडर, पंप, दोन झोन व्हॉल्व्ह (रेडिएटरकडे किंवा सिलिंडरकडे गरम पाणी सोडणाऱ्या झडपा) आणि सगळ्या तारा एकत्र आणणारी पांढरी पेटी, म्हणजे वायरिंग सेंटर, हे सारे वरच्या मजल्यावरच्या एअरिंग कपबर्डमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या कपाटात, असते. दोष जन्माला येतो तो या खालच्या आणि वरच्या भागांना जोडणाऱ्या केबलमध्ये.

झोन व्हॉल्व्हचे काम समजले की पुढचे सगळे सोपे होते. त्यातून पाच तारा निघतात. तपकिरी तारेवर थर्मोस्टॅटकडून वीज आली की आतली छोटी मोटर व्हॉल्व्ह उघडते. निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. उरलेल्या दोन तारा, करडी आणि नारिंगी, आतल्या मायक्रोस्विचच्या असतात. करड्या तारेवर कायम २३० व्होल्ट असतात, प्रोग्रॅमर (हीटिंगच्या आणि गरम पाण्याच्या वेळा ठरवणारे घड्याळ) बंद असो वा चालू. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मायक्रोस्विच करडी तार नारिंगीला जोडतो आणि नारिंगी तार बॉयलरला कळवते, की आता पेट. म्हणजे बॉयलरला पेटण्याचा हुकूमही २३० व्होल्टचाच असतो, आणि तो बॉयलरच्या स्वतःच्या पुरवठ्यातून येत नाही, वरच्या कपाटातून येतो.

आता एका घराची हकिगत सांगतो. लेस्टरमधले १९७० च्या दशकात बांधलेले जोडघर, कुटुंब मूळचे सांगलीकडचे. सप्टेंबरमध्ये त्यांनी जुना, तारेचे फ्यूज असलेला बोर्ड काढून दोन आरसीडींचा नवा कन्झ्युमर युनिट बसवून घेतला होता. दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला वीज गेली. साडेसातला आरसीडी वर केली, ती दिवसभर टिकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाच. कधी डावी आरसीडी पडे, कधी उजवी. फ्रीजरवर संशय आला, तो दोन दिवस दुसऱ्या खोलीत लावून पाहिला. मग नव्या बोर्डावर संशय आला, बसवणाऱ्याने एक आरसीडी बदलूनही दिली. ऑक्टोबरमध्ये हीटिंग सुरू झाल्यावर हाच प्रकार दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागला, तेव्हा घरातल्या काकूंनी मला फोन केला: “अरे, आमची लाइट रोज ठरल्या वेळेला जाते बघ, जणू कोणी बसून घालवतंय.”

ठरल्या वेळेला, हा त्यातला सगळ्यात कामाचा शब्द होता. साडेपाच ते सात ही त्यांच्या प्रोग्रॅमरमधली गरम पाण्याची वेळ होती. साडेसातला आरसीडी टिकायची, कारण तोवर ती वेळ टळलेली असायची. मी विचारले, बॉयलर नवा आहे का. दोन वर्षांपूर्वी बदललेला होता आणि दोन हिवाळे विनातक्रार चालला होता. त्यामुळे त्याच्यावर कोणाचा संशय जाणे शक्यच नव्हते.

कपाटातल्या वायरिंग सेंटरचे झाकण काढले, तेव्हा बॉयलरकडे जाणारी केबल जुनीच दिसली, तीन तारांची. जुन्या बॉयलरला तीनच तारा पुरत होत्या: पेटण्याच्या हुकमाची, न्यूट्रल आणि अर्थ. पंपही तेव्हा कपाटातच नारिंगी तारेवर जोडलेला होता, बॉयलरचा त्याच्याशी संबंध नव्हता. नव्या बॉयलरला मात्र पाच तारा लागतात. त्याच्या बोर्डाला कायमची वीज हवी असते, आणि ज्वाला विझल्यावरही आतली उष्णता वाहून नेण्यासाठी पंप काही मिनिटे चालू ठेवायचा असल्यामुळे पंपाची वीज बॉयलर स्वतः देतो. वरून खाली पाच तारांची नवी केबल टाकायची म्हणजे गालिचा आणि फळ्या उचलणे आले. ज्याने बॉयलर बसवला त्याने ते टाळले. कायमच्या विजेसाठी त्याने स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या सर्किटवरून नवा स्पर घेतला. जुन्या केबलची तपकिरी तार हुकमासाठी तशीच ठेवली, आणि रिकामी झालेली निळी तार पंपाला वीज नेण्यासाठी वापरली. निळी तार, जी बघणारा कोणीही न्यूट्रल समजेल, तिच्यावर ती लाइव्ह आहे हे दाखवणाऱ्या तपकिरी स्लीव्हचा, म्हणजे रंगीत नळीचा, एक तुकडासुद्धा नव्हता. वायरिंग सेंटरला मात्र पूर्वीप्रमाणेच वरच्या मजल्याच्या सॉकेट सर्किटवरून, कपाटातल्या जुन्या स्परमधून वीज येत होती.

आता पंपाचा विचार करा. त्याला वीज येते स्वयंपाकघराच्या सर्किटमधून, बॉयलरमार्गे, निळ्या तारेने. त्याची न्यूट्रल जोडलेली आहे कपाटातल्या वायरिंग सेंटरला, म्हणजे वरच्या मजल्याच्या सर्किटला. आरसीडी एकच गोष्ट पाहते: माझ्यातून गेलेला प्रवाह माझ्यातूनच परत आला का. फरक ३० मिलिअँपिअरला पोहोचला, की ती ठरलेल्या वेळेच्या आत पडलीच पाहिजे. प्रत्यक्षात ती वीस-पंचवीसलाही पडू शकते. पंपाचा सगळा प्रवाह एका आरसीडीतून जातो आणि दुसरीतून परत येतो, त्यामुळे दोघींनाही तो गळतीसारखाच दिसतो. मी क्लॅम्प मीटर कपाटातल्या स्परच्या लाइव्ह आणि न्यूट्रल या दोन्ही तारांभोवती एकत्र लावला. जोडणी योग्य असेल तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतो आणि आकडा शून्याजवळ राहतो. काकूंना थर्मोस्टॅट वर करायला सांगितले; व्हॉल्व्हची मोटर घरघरली, मायक्रोस्विच टक् करून बसला, खाली बॉयलरचा पंखा सुरू झाला, पंप फिरू लागला, आणि आकडा क्षणभर ०.२१ अँपिअर दाखवून घर अंधारात गेले. ०.२१ अँपिअर म्हणजे २१० मिलिअँपिअर, आरसीडीच्या मर्यादेच्या सातपट. पंप निर्दोष होता, बॉयलर निर्दोष होता आणि बदललेली आरसीडीही निर्दोष होती.

कधी डावी आणि कधी उजवी का पडते, याचेही उत्तर यातच आहे. फरक दोघींना सारखाच दिसतो. जी क्षणभर आधी पडते ती पंपाचा मार्ग तोडते, आणि मग दुसरीला पडण्याचे कारण उरत नाही. खऱ्या गळतीत, म्हणजे पाणी शिरलेल्या पंपाच्या किंवा फाटलेल्या तारेच्या बाबतीत, सहसा एकच ठरावीक आरसीडी पडते. आलटून पालटून पडणाऱ्या दोन आरसीडी दिसल्या, की मी पहिला संशय उसन्या न्यूट्रलवर घेतो, म्हणजे एका सर्किटची वीज दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलने परत जाण्यावर.

दोन वर्षे हे लपून राहिले, कारण जुन्या बोर्डात आरसीडी नव्हतीच. तारेच्या फ्यूजला जास्त प्रवाह कळतो, चुकीच्या वाटेने परतलेला प्रवाह कळत नाही. जिथे संपूर्ण घर एकाच आरसीडीवर असते तिथेही हा दोष मुका राहतो, कारण दोन्ही सर्किटे शेवटी त्याच आरसीडीतून जातात. वायरिंग नियमांची, म्हणजे बीएस ७६७१ ची, १७ वी आवृत्ती २००८ मध्ये लागू झाली, त्यानंतर दोन आरसीडींचे बोर्ड सर्रास बसू लागले. आता तर बऱ्याच नव्या बोर्डांत प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे आरसीडी आणि एमसीबी एकत्र असलेला स्विच, असतो. म्हणून जुन्या चुका एकामागून एक उघड्या पडत आहेत. बोर्ड बदलल्यावर हीटिंगमुळे वीज जाऊ लागली तर बोर्ड बसवणाऱ्यावर रागावू नये. बोर्ड आपले काम करतो आहे. आणि कोणी उपाय म्हणून हीटिंगचे सर्किट आरसीडीच्या बाहेर काढून देऊ लागला, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. वीज जाणे थांबेल, पण यानंतर जे लिहितो आहे ते तसेच राहील.

स्विच बंद, तरी वीज चालू

मला या दोषाची खरी काळजी वाटते ती आरसीडीमुळे नव्हे. समजा, सर्व्हिसला आलेल्या माणसाने बॉयलरशेजारचा स्पर बंद केला. बॉयलरची लाइव्ह आणि न्यूट्रल दोन्ही तुटल्या, समोरचा पडदा विझला, टेस्टरने मुख्य टर्मिनल मृत दाखवले. पण घरात कोणीतरी थर्मोस्टॅट वाढवला, किंवा गरम पाण्याची वेळ सुरू झाली, तर वरच्या कपाटातला व्हॉल्व्ह उघडतो आणि नारिंगी तारेतून २३० व्होल्ट थेट त्याच्या बोटांजवळच्या टर्मिनलवर येऊन उभे राहतात. या घरात आदल्या वर्षीच्या सर्व्हिसमध्ये नेमके हेच झाले होते. त्या माणसाने हात झटकला, “वरून वीज येते बहुतेक” असे म्हणाला आणि काम उरकून गेला.

उलट बाजूही तितकीच वाईट आहे. कपाटातला स्पर बंद करून कोणी पंप बदलायला बसला, तर बॉयलर अजून जिवंत असतो. ज्वाला नुकतीच विझली असेल तर पंप चालवण्याची त्याची मिनिटे शिल्लक असतात. शिवाय बरेच बॉयलर पंप जाम होऊ नये म्हणून २४ तासांतून एकदा तो थोडा वेळ आपणहून फिरवतात. म्हणजे मृत समजून हातात घेतलेली निळी तार कोणत्याही क्षणी जिवंत होऊ शकते. स्परने न्यूट्रलही तोडलेली असल्यामुळे पंपातून पलीकडे गेलेल्या विजेला परतीची वाट नसते, आणि वायरिंग सेंटरमधली न्यूट्रलची सगळी पट्टीच लाइव्ह होऊन बसते. निळ्या तारेवर वीज, न्यूट्रलच्या पट्टीवर वीज, आणि स्विच बंद. अनुभवी माणूसही इथे फसेल.

घरच्या माणसाने काय तपासावे

यासाठी एकही स्क्रू काढायची गरज नाही. वेळ नोंदवा: आरसीडी पडण्याची वेळ प्रोग्रॅमरच्या वेळांशी जुळते का, आणि कोणती पडली, हे चार दिवस कागदावर लिहून ठेवा. मग हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही बंद करून एक पूर्ण दिवस काढा. त्या दिवशी काहीच झाले नाही, किंवा पंपाच्या त्या आपोआप फिरण्यामुळे फार तर एकदाच झाले, तर संशय हीटिंगवर पक्का होतो.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा यानंतरची. बॉयलरशेजारचा स्पर बंद करा. आता घरभर फिरून पाहा: थर्मोस्टॅट बिनतारी असेल तर त्याचा संदेश घेणाऱ्या भिंतीवरच्या रिसीव्हरचा दिवा चालू आहे का? रिसीव्हर घरच्या विजेवरच चालतो, म्हणून त्याचा दिवा चालू असेल तर यंत्रणेला दुसरीकडून वीज येते आहे, यात शंका नाही. प्रोग्रॅमरच्या पडद्यावर मात्र विसंबू नका, कारण आतल्या बॅटरीवर आकडे टिकून राहतात. थर्मोस्टॅट पुरता वर करा आणि एअरिंग कपबर्डचे दार उघडून कान द्या. झोन व्हॉल्व्हची बारीक घरघर ऐकू आली, तर ती मोटर दुसऱ्या पुरवठ्यावर चालली आहे. इथे थांबा, स्पर पुन्हा चालू करा आणि वायरमनला बोलवा. आरसीडी सतत पडत नसली तरी बोलवा, कारण धोक्याचा भाग तेवढ्याने सिद्ध झालेला असतो.

बॉयलरचे झाकण घरच्यांनी काढू नये. अनेक बॉयलरांचे झाकण हे ज्वलनकक्ष हवाबंद ठेवण्याचाच भाग असते आणि ते काढण्याचे काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचे आहे. आणखी एक कळकळीची सूचना: भारतातून येताना पेटीत आणलेला निऑनचा टेस्टर या कामासाठी वापरू नये. तो आपल्या शरीरातून जमिनीपर्यंतच्या वाटेवर पेटतो, आणि इथली घरे लाकडी फळ्यांची व गालिच्यांची असतात. वीज असूनही दिवा इतका मंद लागतो की दिवसा दिसत नाही. उलट, पाच तारांच्या लांब केबलमध्ये शेजारच्या तारेमुळे मोकळ्या तारेवरही नुसत्या प्रभावाने व्होल्टेज दिसते. डिजिटल मल्टिमीटर अशा तारेवर कधी ४०, कधी ९० व्होल्ट दाखवतो, आणि माणूस नसलेल्या दोषामागे धावतो.

वायरमनने काय तपासावे आणि काय करावे

मृत असल्याची खात्री दोन टोकांच्या व्होल्टेज इंडिकेटरनेच करावी. इंडिकेटर आधी प्रूव्हिंग युनिटवर (इंडिकेटर नीट चालतो का हे पाहण्याच्या छोट्या यंत्रावर) तपासावा, मग प्रत्येक टर्मिनल अर्थशी आणि न्यूट्रलशी, न्यूट्रलची पट्टीही अर्थशी, आणि शेवटी इंडिकेटर पुन्हा प्रूव्हिंग युनिटवर. हे सगळेच शिकतात. जे फारसे कोणी सांगत नाही आणि मी स्वतः उशिरा शिकलो ते असे: ही तपासणी थर्मोस्टॅट पूर्ण वर करून आणि गरम पाणी चालू ठेवून करावी. थर्मोस्टॅट खाली असताना व्हॉल्व्ह मिटलेला असतो, नारिंगी तार खरोखरच मृत असते, आणि तपासणी शंभर टक्के खरी असूनही शंभर टक्के फसवी ठरते. दुसरा पुरवठा असेल तर तो मागणी असतानाच समोर येतो. स्परमधला फ्यूज मात्र या तपासणीच्या आधीच काढून खिशात ठेवावा, म्हणजे घरातल्या कोणी चुकून स्विच दाबला तरी त्या स्परमधून वीज येणार नाही.

उसन्या न्यूट्रलचा पुरावा क्लॅम्प मीटरने कसा मिळतो ते वर आलेच आहे. मिलिअँपिअर मोजणारा मीटर असेल तर अधिक चांगले, कारण नवे पंप कमी वेगावर फार थोडा प्रवाह घेतात. त्याआधी किंवा नंतर इन्सुलेशनची चाचणीही करावी, म्हणजे खरी गळती नाही हे निश्चित होते. मात्र बॉयलर, पंप आणि रिसीव्हर सोडवून, २५० व्होल्टवर, नाहीतर एका चाचणीत महागडा बोर्ड जळतो. उत्तर १ मेगोहमपेक्षा कमी आले तर दोष तारांत आहे, आणि निरोगी वायरिंगमध्ये ते त्याच्या कितीतरी वर येते.

दुरुस्ती एकच आहे आणि तिला पळवाट नाही. एक पुरवठा पूर्णपणे काढायचा आणि बॉयलर ते वायरिंग सेंटर पाच तारांची केबल टाकायची: कायमची लाइव्ह, न्यूट्रल, अर्थ, पेटण्याचा हुकूम आणि पंपाची लाइव्ह. त्या दिवशी आम्ही गालिचा उचलला, दोन फळ्या काढल्या आणि केबल टाकली. दुपारपर्यंत काम झाले. आधीच्या माणसाने जे टाळले ते एवढेच होते.

कोणता पुरवठा ठेवायचा, यावर थोडा विचार करावा लागतो. पुष्कळ जण कपाटातला स्पर ठेवतात, तिथून खाली बॉयलरला वीज देतात, आणि सोयीसाठी बॉयलरशेजारी आणखी एक साधा दोन पोलचा स्विच बसवतात. पुरवठा एकच झाल्यामुळे आरसीडी पडायची थांबते. पण तो शेजारचा स्विच फक्त लाइव्ह आणि न्यूट्रल तोडतो, हुकमाची तार तशीच राहते. म्हणजे सर्व्हिसवाल्या माणसाचा धोका होता तिथेच. मी शक्य तिथे उलट करतो. मुख्य स्पर बॉयलरशेजारी ठेवतो आणि वायरिंग सेंटरला वीज त्या स्परच्या पुढून नेतो. मग तो एक स्विच बंद केला की खालचा बॉयलर आणि वरचे कपाट एकदम मृत होतात, आणि जो माणूस बॉयलर उघडणार त्याच्या हाताशीच तो स्विच असतो. स्पर दोन्ही पोल तोडणारा असावा. बॉयलरच्या पुस्तिकांत सर्व पोलमध्ये संपर्कांचे अंतर किमान ३ मिलिमीटर हवे असे लिहिलेले असते, आणि चांगला फ्युज्ड स्पर ही अट पूर्ण करतो. फ्यूज ३ अँपिअरचा, लाल रंगाचा. नव्या स्परमध्ये बऱ्याचदा १३ अँपिअरचा तपकिरी फ्यूज आधीच बसवलेला येतो, आणि तो तसाच राहून जातो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तारेला त्याचा आधार पुरेसा नाही, म्हणून तो आवर्जून बदलावा.

आरसीडी बदलण्याची वेळ आलीच, तर प्रकार ए निवडावा. नव्या बॉयलरचे पंखे आणि पंप इलेक्ट्रॉनिक असतात, आणि त्यांच्या दोषात येणाऱ्या एकदिश प्रवाहाच्या अंशाने जुन्या प्रकार एसीची आरसीडी बधिर होऊ शकते. बीएस ७६७१ च्या २०२२ च्या दुरुस्तीनेही प्रकार एसीचा वापर फार मर्यादित केला आहे.

तारांच्या रंगांबाबत जुन्या घरांत सावध राहावे. २००४ पासून ब्रिटनमध्ये तपकिरी आणि निळा हे रंग आले आणि एप्रिल २००६ पासून नव्या कामात तेच अनिवार्य झाले. त्याआधीच्या वायरिंगमध्ये लाइव्ह लाल आणि न्यूट्रल काळी असते. एका पेटीत दोन्ही रंगसंगती भेटतात. निळी किंवा काळी तार लाइव्ह म्हणून वापरली असेल तर दोन्ही टोकांना तपकिरी स्लीव्ह हवीच.

दिसायला सारख्या, पण वेगळ्या तक्रारी

मागणी बंद करूनही बॉयलर पेटतच राहत असेल आणि रेडिएटर गरम होत असतील, तर बहुधा व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असतो आणि त्याचा मायक्रोस्विच जोडलेलाच राहतो. नारिंगी तार करडीला जोडलेलीच राहते. व्हॉल्व्हचे डोके बदलले की सहसा हे थांबते. आरसीडी कोणत्याही वेळी पडत असेल आणि सिलिंडरला विजेचा इमर्शन हीटर असेल, तर त्याचा स्विच बंद करून पाहावे. त्याचे गंजलेले एलिमेंट अर्थकडे गळते. स्विच एकाच पोलचा असेल तर तो बंद असतानाही न्यूट्रलच्या बाजूने ही गळती आरसीडी पाडू शकते. पंपाच्या जोडावरून ठिबकणारे पाणी व्हॉल्व्हच्या डोक्यात शिरणे हाही नेहमीचा प्रकार आहे. तिथे हिरवट डाग दिसतो, शोधत बसावे लागत नाही.

जिथे सिलिंडर नाही, कॉम्बी बॉयलर आहे, तिथे पंप बॉयलरच्या पोटातच असल्यामुळे उसन्या न्यूट्रलने आरसीडी पडण्याचा हा प्रकार जवळजवळ होत नाही. पण दुसऱ्या पुरवठ्याचा धोका तिथेही असतो. बिनतारी थर्मोस्टॅटचा रिसीव्हर जवळच्या सॉकेटवरून जोडलेला असेल आणि त्याच्या आत लाइव्हपासून सामाईक टर्मिनलपर्यंत तारेचा तुकडा टाकलेला असेल, तर बॉयलर बंद करूनही हुकमाच्या तारेवर वीज येत राहते. शिवाय अनेक कॉम्बींना थर्मोस्टॅटकडून केवळ कोरडा संपर्क, म्हणजे स्वतःची वीज न देता दोन टर्मिनल नुसती जोडणारा स्विच, हवा असतो. अशा टर्मिनलवर २३० व्होल्ट गेले की बोर्ड पहिल्याच क्षणी जातो, आणि नव्या बोर्डाचा खर्च मोठा असतो. रिसीव्हरला वीज बॉयलरच्याच स्परवरून द्यावी आणि तो तारेचा तुकडा ठेवायचा की काढायचा, हे त्या बॉयलरची पुस्तिका उघडून ठरवावे.

काम झाल्यावर वायरमनकडून लेखी प्रमाणपत्र घ्यावे. आधीपासून असलेल्या सर्किटवर स्पर काढणे किंवा हलवणे हे इंग्लंडात २०१३ पासून सामान्यतः नगरपालिकेला कळवण्याचे काम राहिलेले नाही, परंतु नवे सर्किट ओढले किंवा कन्झ्युमर युनिट बदलला तर बांधकाम नियमांतल्या पार्ट पी या विजेच्या भागाप्रमाणे कळवावेच लागते. वेल्समध्ये नियम वेगळे आहेत. कळवावे लागो वा न लागो, प्रमाणपत्र हवेच.

आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्या घरात मी वायरिंगची आकृती काढली, पाचही तारांचे रंग आणि त्या कुठून कुठे जातात ते लिहिले, आणि खाली इंग्रजीत व मराठीत एकेक ओळ लिहिली, कारण काकूंना ती मराठीतही हवी होती: “हीटिंगची सगळी वीज स्वयंपाकघरातल्या बॉयलरशेजारच्या स्परवरून येते. तो बंद करा, थर्मोस्टॅट वर करा, मगच तपासा.”